कुरळ्या केसांसाठी ऑइल रिन्स: तेल न्हाण्याच्या आधी नाही, न्हाताना

आमच्या घरी तेल म्हणजे न्हाण्याच्या आदल्या रात्रीची गोष्ट. शनिवारी रात्री आजी खोबरेलाची वाटी घेऊन बसायची, डोक्यावर तेल थापायची, घट्ट दोन वेण्या घालायची आणि रविवारी सकाळी शिकेकाईनं ते सगळं तेल काढून टाकायची. माझ्या बहिणीचे केस सरळ, तिला तेवढं पुरायचं. माझे केस बारीक स्प्रिंगांसारखे. वाळले की तासाभरात काथ्यासारखे राठ व्हायचे. सोमवारी शाळेच्या घाईत त्या कोरड्या केसांतून बारीक दातांची फणी फिरायची तेव्हा डोळ्यांत पाणी यायचं. आणि वर्गात, लग्नकार्यात, पार्लरच्या खुर्चीत एकच प्रश्न: "केस विंचरत नाहीस का गं?"

विंचरत होते. चुकीच्या वेळी, कोरडे असताना विंचरत होते. आणि तेलही चुकीच्या वेळी लागत होतं. आमचं तेल चांगलं होतं, आजीचा हातही चांगला होता, फक्त माझ्या केसांना हवा असलेला क्रम वेगळा होता. तो क्रम सापडायला मला तिशी उजाडावी लागली. म्हणून हे एवढं सविस्तर लिहिते आहे.

ऑइल रिन्स म्हणजे काय, तर डोकं शांपूनं धुऊन झाल्यावर, केस अजून निथळत असताना त्यांना तेल लावायचं, त्या तेलाच्या निसरडेपणात गुंता सोडवायचा, मग कोमट पाण्यानं त्यातलं बहुतेक तेल धुऊन टाकायचं आणि वर कंडिशनर लावायचा. ही पद्धत रुळवली ती मुख्यतः अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी. रसायनांनी केस सरळ करून घेणं सोडून आपले मूळचे घट्ट वळणांचे केस सांभाळायला त्या लागल्या, आणि काय जमतं, काय फसतं ते त्यांनी एकमेकींना सांगितलं. त्यांच्या अनुभवातून आलेली ही गोष्ट पुण्याच्या मोरीत, पुण्याच्या पाण्यावर कशी बसवायची ते पुढे सांगते.

आधी एक गैरसमज काढून टाकू

"केस कोरडे आहेत, तेल लाव." हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. पण तेलात पाणी नसतं. बाटलीभर खोबरेल ओतलं तरी केसाला ओलाव्याचा एक थेंब मिळत नाही. केस मऊ होतो तो पाण्यानं. केस ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला आहे त्यात पाणी शिरलं की आतले हलके बंध सैल पडतात आणि केस वाकायला, ताणायला तयार होतो. पूर्ण भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी धरून ठेवतो. तेलाचं काम त्यानंतरचं: आत गेलेलं पाणी चटकन उडू द्यायचं नाही, आणि एक केस दुसऱ्यावर घासू द्यायचा नाही. कोरड्या राठ केसांवर तेल चोपडलं तर वरून चकाकी येते, आत केस तसाच कोरडा राहतो. पाणी आधी, तेल नंतर. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

कुरळे केसच जास्त कोरडे का पडतात? टाळूतून निघणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून घसरगुंडीसारखं टोकापर्यंत जातं. कुरळ्या केसात ते पहिल्या दोन-तीन वळणांतच अडकतं. म्हणून कित्येकींची मुळं तेलकट आणि टोकं झाडूसारखी असतात. शिवाय कुरळा केस आडवा कापून पाहिला तर गोल नसून चपटा, लंबगोल असतो. त्याच्यावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात, आणि जिथे केस वळतो तिथे ते खवले उचलले जातात, शेजारच्या केसात अडकतात, झिजतात. गुंता होतो तो इथे. तुटतोही इथेच.

तेलाबद्दल एक खरोखर अभ्यासलेली गोष्टही सांगायला हवी. मुंबईत मॅरिकोच्या प्रयोगशाळेत आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. तो निबंध २००३ साली प्रसिद्ध झाला. केसातून होणारी प्रथिनांची झीज फक्त खोबरेलानं कमी झाली, मग ते धुण्याआधी लावलेलं असो की धुतल्यानंतर. खोबरेलात लॉरिक आम्ल भरपूर असतं, त्याचा रेणू छोटा आणि सरळ असल्यानं तो केसाच्या आत शिरतो. इतर दोन तेलं वरच राहतात. संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीचंच आहे हे ध्यानात ठेवावं, पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. म्हणजे आजीचं शनिवारचं खोबरेल वाया जात नव्हतं. ते धुण्यापासून केस वाचवत होतं. धुतल्यानंतर केस मऊ ठेवायचं काम मात्र त्याच्याकडून होत नव्हतं, कारण तोवर ते शिकेकाईबरोबर मोरीतून वाहून गेलेलं असायचं.

कोणतं तेल

हे तेल धुऊन जाणार आहे. म्हणून महागडं तेल घेऊ नका. मोरोक्कोचं आर्गन तेल शे-दोनशे मिलीला भरमसाट पैसे मोजून आणायचं आणि मोरीत सोडायचं, हे मला पटत नाही.

माझी पहिली पसंती करडईच्या तेलाला. आपल्याकडे सोलापूर, मराठवाड्यात करडई पिकते, पुण्यात घाण्याच्या तेलाच्या दुकानांत ते सहज मिळतं. पातळ असतं, वास सौम्य असतो, ओल्या केसावर लगेच पसरतं. सूर्यफुलाचं तेलही जवळपास असंच वागतं आणि ते तर स्वयंपाकघरात असतंच. रिफाइंड असलं तरी चालेल, या कामाला फरक पडत नाही. बारीक, विरळ केसांना ही दोन पुरे.

केस जाड, दाट आणि घट्ट वळणांचे असतील तर तिळाचं किंवा गोडं बदामाचं तेल घ्या. थोडं जड असल्यानं ते जास्त वेळ टिकतं. ऑलिव्ह तेलही चांगलं, घरात असेल तर.

खोबरेल? उन्हाळ्यात खुशाल. पण खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, बाटलीतलं खोबरेल दगड झालेलं असतं हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. तेच केसांत होतं. गरम करून लावलं आणि गार पाणी ओतलं की बटांवर मेणासारखा पांढुरका थर बसतो आणि मग तो निघता निघत नाही. शिवाय काहींच्या केसांना खोबरेल मानवतच नाही, केस मऊ व्हायच्या ऐवजी तारेसारखे ताठ होतात. दोन वेळा लावून तसंच झालं तर ते आपलं नाही असं समजावं आणि तेल बदलावं.

एरंडेलाबद्दल कळकळीनं सांगते: या पद्धतीत एकटं एरंडेल वापरू नका. ते मधासारखं घट्ट आणि चिकट असतं. ओल्या कुरळ्या केसांत ते निसरडेपणा आणण्याऐवजी केस एकमेकांना चिकटवतं. खोबरेल आणि एरंडेल एकत्र लावून केस धुतल्यावर एका तरुणीच्या लांब केसांचा लोकरीच्या नमद्यासारखा घट्ट गोळा झाल्याची नोंद २०१७ साली भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी केली आहे. तो गोळा सुटला नाही, कापावा लागला. असं क्वचितच घडतं, पण कुरळ्या केसांनी तो धोका का पत्करावा? हवंच असेल तर चार चमचे करडईत अर्धा चमचा, त्याहून जास्त नको. मोहरीचं तेल टाळूला झोंबतं, ते नकोच. जास्वंद-माक्याचं घरचं तेल धुण्याच्या आदल्या रात्रीसाठी ठेवा, त्यातला पाल्याचा गाळ वळणांत अडकून बसतो.

पाण्याकडे दुर्लक्ष करू नका

पुण्यात राहणाऱ्यांसाठी हा भाग तेलाइतकाच महत्त्वाचा. महापालिकेचं खडकवासल्याकडून येणारं पाणी धरणाचं, म्हणजे मुख्यतः पावसाचं. ते केसांना फारसा त्रास देत नाही. पण शहराच्या कडेच्या अनेक सोसायट्या बोअरवेल आणि टँकरवर चालतात. जमिनीतल्या कातळातून आलेलं ते पाणी बहुतेक वेळा जड असतं. नळावर पांढरे डाग, बादलीच्या काठावर खर, साबणाला फेस येत नाही, अशी लक्षणं असतील तर पाणी जड आहे. त्यातला कॅल्शियम केसांवर बसतो, वळणं खरखरीत होतात आणि मग कोणतंही तेल लावा, "काही फरक पडला नाही" असंच वाटतं.

उपाय साधा आहे. सगळं न्हाणं चांगल्या पाण्यानं करायची गरज नाही, शेवटची अर्धी बादली तेवढी चांगल्या पाण्याची ठेवा. महापालिकेचं पाणी दिवसातून तासभर येत असेल तर तेव्हाच भरून ठेवा, नाहीतर आरओ यंत्रातलं पिण्याचं पाणी दोन-तीन तांबे. एक चूक मात्र पुष्कळ जण करतात: आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी डोक्यावर घेतात. त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला ठेवा. आणि महिन्यातून एकदा, लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा व्हिनेगर घालून ते केसांवरून ओतलं आणि लगेच साध्या पाण्यानं धुतलं, तर साचलेला थर कमी होतो.

हेही बघून घ्या की त्या दिवशी पाणी बंद नाही. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद राहण्याची आपल्याला सवय आहे. डोक्यात तेल आणि नळ कोरडा, ही वेळ फार वाईट.

तयारी

सुट्टीची सकाळ निवडा, पाऊण तास हाताशी ठेवा. पाणी साधारण दोन बादल्या लागेल. केस खांद्यापर्यंत आणि मध्यम दाट असतील तर तेल चहाचे २ चमचे, म्हणजे १० मिली. कमरेपर्यंत दाट केसांना ४ ते ५ चमचे. केसांवर ठेवायच्या तेलापेक्षा हे जास्त वाटेल, पण यातलं बहुतेक धुऊन जाणार आहे. हात आखडला तर निसरडेपणा येत नाही आणि गुंता सुटत नाही. तेलाची छोटी वाटी गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं ठेवा. थेट गॅसवर नको.

रुंद दातांचा कंगवा हवा. तुळशीबागेत पाहताना दातांच्या फटीतून करंगळीचं टोक जाईल असा निवडा आणि दातांवरून बोट फिरवून बघा, प्लॅस्टिकच्या साच्याची धारदार शिवण लागत असेल तर तो सोडून द्या. ती शिवण केसांचे खवले खरवडते. शिवाय चार मोठे चिमटे आणि एक जुना, मऊ झालेला सुती पंचा. टर्किश टॉवेल नको, त्याच्या गाठी कुरळ्या केसांत अडकतात.

आणि मोरीत पाट किंवा स्टूल. हे उभ्यानं करायचं काम नाही. ओल्या फरशीवर तेल सांडणार, पाय घसरणार. बसून करा, पायाखाली रबरी चटई ठेवा. घरात लहान मूल किंवा वयस्क माणूस असेल तर ही खबरदारी दुप्पट.

प्रत्यक्ष कृती

पहिल्यांदा डोकं धुवा. शांपू तांब्याभर पाण्यात विरघळवून घ्या आणि फक्त टाळूवर बोटांच्या पेरांनी चोळा. लांबीला वेगळा शांपू लावायची गरज नाही, वरून वाहणारा फेस पुरतो. आदल्या रात्री खोबरेल लावलं असेल तर दोनदा. शिकेकाई वापरत असाल तर तिचा चोथा वळणांत राहतो, म्हणून उकळून गाळलेलं पाणीच घ्या. इथे धुताना केस डोक्यावर गोळा करून घासू नका. अर्धा गुंता तिथेच तयार होतो.

आता केस पुसायचे नाहीत. मुठीत धरून एकदाच हलकं दाबा, धार थांबली पाहिजे पण थेंब पडत राहिले पाहिजेत. धार लागलेली असेल तर तेल पाण्यावरून निसटून जातं. फार पिळले तर तेल जागच्या जागी चिकटतं, पसरत नाही. हा अंदाज दोन-तीन वेळांत येतो.

केसांचे चार भाग करा, मध्यभागी भांग आणि कानावरून कानावर दुसरा. तीन भाग चिमट्यांनी बांधून ठेवा. एका भागासाठी एकूण तेलाचा पाव हिस्सा तळहातावर घेऊन दोन्ही हातांवर पसरवा. मग बट दोन तळव्यांमध्ये घ्या, नमस्कार करतो तसे हात जोडा आणि वरून खाली सरकवा. सुरुवात टोकांपासून. टोक म्हणजे केसाचा सगळ्यात जुना भाग. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे खांद्याखालचं टोक दोन-तीन वर्षांचं असतं आणि त्यानं सगळं ऊन, सगळ्या वेण्या सोसलेल्या असतात. टोकांना तेल मिळालं की मग मधला भाग. टाळूपासून तीन बोटं अंतरावर थांबा.

तेल नीट लागलंय हे हाताला कळतं. आधी बट हाताला अडखळत होती, आता ती हातातून मासळीसारखी निसटते. तसं झालं नाही तर आणखी तेल लावण्याआधी थोडं पाणी शिंपडा. बहुतेक वेळा कमी असतं ते पाणी.

आता गुंता. ही माझ्या मते सगळ्या पद्धतीतली सगळ्यात मोलाची पाच-दहा मिनिटं. आधी बोटं, मग कंगवा. टोकाची दोन इंचं सोडवा, मग त्याच्या वरची दोन इंचं, असं खालून वर जा. बट मुळाजवळ दुसऱ्या हातानं घट्ट धरा म्हणजे ओढ टाळूला लागत नाही. ओला केस जास्त ताणला जातो आणि त्याच वेळी नाजूकही असतो, म्हणून जिथे कंगवा अडेल तिथे जोर लावायचा नाही. तिथे तेलाचा एक थेंब, थोडं पाणी आणि बोटांनी गाठ उकलायची. "कट्" असा आवाज आला की केस तुटला असं समजा. कंगव्यात केस आलेले पाहून घाबरू नका, टोकाला छोटा पांढरा ठिपका असलेले केस मुळापासून आपणहून गळालेले असतात, रोज पन्नास ते शंभर गळतातच, आणि कुरळ्या केसांत ते खाली न पडता अडकून राहतात. ठिपका नसलेले आखूड तुकडे दिसले तर मात्र हात हलका करा.

लहान मुलीचे केस असतील तर तिला आधी सांगा की आज दुखणार नाही, आणि ते वचन पाळा. दुखलं की थांबा. माझ्या पिढीच्या कित्येक मुलींना आपले केस आवडेनासे झाले ते सोमवारच्या फणीमुळे. पुढच्या मुलींच्या वाट्याला ते येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

चारही भाग झाले की तीन ते पाच मिनिटं तसंच बसा. तासभर ठेवून जास्त फायदा होत नाही. केस फार वेळ भिजत राहिले तर फुगतात आणि वारंवार तसं झालं तर अशक्त होतात.

मग धुणं. पाणी कोमट, बाळाच्या अंघोळीचं पाणी कोपर बुडवून पाहतो तेवढंच. कडकडीत पाणी तेल पूर्ण ओढून नेतं, गार पाणी खोबरेल गोठवतं. तांब्यानं वरून खाली ओता आणि बटेवरून हात फिरवत राहा, चोळू नका. तीन-चार तांबे पुरतात. कुठे थांबायचं? एक बट दोन बोटांत दाबून बघा. बोटांवर तेलाचे थेंब आले तर आणखी एक तांब्या. बोटं फक्त किंचित चमकली तर बस.

लगेच कंडिशनर. ही पायरी गाळलीत तर केस तेलकट राहतील आणि तुम्ही पद्धतीला दोष द्याल. कंडिशनरमधले घटक धनभारित असतात आणि धुतलेला केस ऋणभारित, म्हणून ते केसाला धरून बसतात. शिवाय ते तेल आणि पाणी एकत्र मिसळवतात आणि जास्तीचं तेल आपल्याबरोबर घेऊन जातात. लांबीला लावा, डोकं खाली करून टोकांकडून मुठीनं वर दाबा. पुरेसं पाणी असेल तर पच्-पच् असा आवाज येतो. तो यायला हवा. दोन-तीन मिनिटांनी चांगल्या पाण्यानं, थोडं कमी कोमट, धुऊन टाका.

कंडिशनरऐवजी दही, अंडं? नाही. अंड्यातली प्रथिनं केसात शिरण्याइतकी लहान नसतात, आणि दोन्हींपैकी एकही जास्तीचं तेल काढत नाही. साधा, स्वस्त कंडिशनर त्यांच्यापेक्षा चांगलं काम करतो.

न्हाऊन झाल्यावर

पंचा पसरा, केस त्यावर सोडा आणि मुंडाशासारखा गुंडाळा. दहा मिनिटं. घासायचं नाही, झटकायचं नाही. मुंडासं सोडलं की केस ओलसर असतानाच वळणं धरून ठेवण्यासाठी काहीतरी लावा. मी जवसाचा चीक लावते. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात सात-आठ मिनिटं उकळायचे, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गरम असतानाच जुन्या मलमलीतून गाळायचं. गार झाल्यावर गाळायला गेलात तर कापडातून उतरतच नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो, वास बदलला की टाकून द्यायचा.

त्यानंतर केस पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. पंख्याखाली बसा. त्या दिवशी इस्त्रीचा चिमटा केसांना लावायचा नाही, तेलाचा अंश असलेल्या केसांवर तर मुळीच नाही.

पुण्यात दुचाकी आली, म्हणजे स्कार्फ आणि हेल्मेट आलं. सुती स्कार्फ केसांवरचं तेल टिपून घेतो आणि हेल्मेटखाली घासून पुन्हा गुंता करतो. लक्ष्मी रोडवर अस्तराच्या दुकानातून साटीनचा मीटरभर तुकडा आणा. तो आधी डोक्याला, त्यावर स्कार्फ. त्याच कापडाची उशीची खोळ शिवली तर रात्रीचा गुंताही निम्मा होतो.

किती वेळा

घट्ट कुरळ्या, कोरड्या केसांना आठवड्यातून एकदा. लाटदार केसांना महिन्यातून दोनदा पुरे, जास्त केलं तर लाटा दबून केस टाळूला चिकटल्यासारखे दिसतात. मार्च ते मेच्या कोरड्या उन्हात मी आठवडा चुकवत नाही. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा तेल निम्मं करते. दर चौथ्या-पाचव्या न्हाण्याला तेल न लावता फक्त शांपू आणि कंडिशनर, म्हणजे थर साचत नाही.

दिवाळीच्या अभ्यंगाला दोन्ही जमतं. पहाटे डोक्याला तेल, उटणं, शांपूनं डोकं धुणं, आणि मग ही ऑइल रिन्स. गुंता न होता केस सणभर मोकळे सोडता येतात.

बिघडलं तर

वाळल्यावर केस तेलकट वाटले तर पुन्हा शांपू करू नका, फक्त ओले करून कंडिशनर लावून धुवा. पुढच्या वेळी तेल एका चमच्यानं कमी. केस राठच राहिले तर आधी पाणी तपासा, मग साचलेला थर, तेल सगळ्यात शेवटी. केस पाणी किती पटकन शोषतो ते ठरवायला त्याचा तुकडा पाण्याच्या ग्लासात टाकून "तरंगला की बुडाला" बघण्याची चाचणी पुष्कळ जण सांगतात, तिच्यावर निर्णय घेऊ नका. केसावर तेलाचा अंश असला तरी तो तरंगतो. त्यापेक्षा केस किती वेळात वाळतात ते पाहा. रंगवलेले, सरळ करून घेतलेले केस पाणी झटकन पितात आणि झटकन घालवतात, त्यांना जरा जड तेल मानवतं. कपाळावर पुटकुळ्या आल्या तर तेल पुढच्या केसांपासून दूर ठेवा आणि कंडिशनर धुतल्यावर चेहरा साबणानं धुवा.

कोंडा असेल तर टाळूला तेल अजिबात नको. कोंड्याशी संबंधित असलेली मलासेझिया ही बुरशी तेलातल्या स्निग्धाम्लांवरच वाढते. टाळू लाल आहे, खपल्या निघतात, केसांचे पुंजके जात आहेत, असं काही असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि तेलानं केस वाढतात अशी आशा ठेवून हे करू नका. वाढ मुळातून होते. इथे फक्त तुटणं कमी होतं, म्हणून आहे ती लांबी टिकते आणि सहा-आठ महिन्यांनी केस वाढल्यासारखे दिसतात.

मोरी

सगळं उरकल्यावर फरशीवर तेलाचा न दिसणारा थर राहतो. गरम पाणी आणि भांडी घासायचा साबण टाकून खराट्यानं घासा, पाट आणि चटईची खालची बाजूही. जाळीवरचे केस आधी काढा, तेल आणि केस मिळून नळी तुंबते, हिवाळ्यात खोबरेल असेल तर हमखास. पंचा इतर कपड्यांत टाकू नका, वेगळा गरम पाण्यात धुवा, नाहीतर पुढच्या आठवड्यात त्याला खवट वास येतो. हे होईपर्यंत घरातल्या दुसऱ्या कुणाला अंघोळीला जाऊ देऊ नका.